डोळे चुरचुरतात म्हणजे क्लोरीन जास्त झालं का? मामाचा हौद, टीसीएल पावडर आणि पीएचची भानगड

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, ज्यांचा नेट पॅक संपलाय किंवा जे एसटीत बसून गुपचूप वाचणार आहेत, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना माझे "म्हणजे", "तर", "बरं का" लई झाले होते, ते गाळले. बाकी जसं बोललो तसंच.

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, "अरे बाबा, आमच्याकडं प्यायच्या पाण्याची बोंब आणि तू स्विमिंग पूल सांगायलास?" थांबा जरा. पूल म्हटलं की निळ्या टाइल्स डोळ्यांसमोर येतात. पण आपल्याकडं शेतात बांधलेला सिमेंटचा हौद असतो, त्यात मे महिन्यात पोरं डुंबतात, तोही पूलच. आणि त्याचं जे गणित आहे, तेच तुमच्या गच्चीवरच्या टाकीचं आणि गावच्या विहिरीचं आहे. शेवटी तिथंच येणार आहोत.

गोष्ट सुरू होते हौदापासून

आमच्या मामाचं शेत वारंगा फाट्यापासून थोडं आत आहे. फाटा माहिती असेलच. हिंगोली–नांदेड रस्ता आणि नागपूर–तुळजापूर महामार्ग जिथं भेटतात ते ठिकाण. येता-जाता माणूस गाडी थांबवतो, गरम खिचडी खातो आणि पुढं निघतो. गेल्या मे महिन्यात आम्ही सगळी मावस-मामे भावंडं मामाकडं जमलो होतो. मामानं नवीन हौद बांधलेला. दहा फूट लांब, आठ फूट रुंद, आणि पाणी चार फूट. पाणी बोअरचं.

पहिले दोन दिवस काय मजा! तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ वाटायला लागलं. चौथ्या दिवशी भिंतीला हिरवा बुळबुळीतपणा आला, पाण्याला उग्र वास सुटला, आणि लेकरं डोळे चोळत बाहेर आली. लाल भडक डोळे.

मामा म्हणाले, "टीसीएल कमी पडलं असंल. अजून टाक."
मामी म्हणाल्या, "अहो, वास तर एवढा यायलाय, जास्त झालंय म्हणून डोळे चुरचुरायलेत. अजून काय टाकता?"

दोघांचं ऐकून मी मोबाईल काढला. एका ठिकाणी अर्धवट वाचलं की पीएच वाढला असेल तर ॲसिड टाकतात. मी फार शहाणा. ज्या बादलीत टीसीएल कालवलं होतं तीच बादली घेतली, तळाला गाळ होताच, आणि त्यात ॲसिड ओतलं.

पुढं काय झालं ते नंतर सांगतो. आधी हे समजून घेऊ की मामा बरोबर होते की मामी. स्पॉयलर देतो: दोघंही अर्धे बरोबर होते. मी मात्र पूर्ण चूक होतो.

टीसीएल म्हणजे नेमकं काय?

ग्रामपंचायतीत पांढऱ्या पावडरीची पिशवी असते, तीच ही. ब्लीचिंग पावडर. विझवलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडून ती बनवतात. ही युक्ती जुनी आहे. १७९९ साली ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी तिचं पेटंट घेतलं, तेही कापड पांढरं करण्यासाठी! जंतू मारायचा विचार नंतर आला. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या हॉस्पिटलात डॉक्टर सेमेलवाइस यांनी बाळंतिणींना तपासण्याआधी डॉक्टरांना क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यानं हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं कमी झाले. १९०८ मध्ये अमेरिकेत जर्सी सिटी शहराच्या नळाच्या पाण्यात रोज क्लोरीन मिसळायला सुरुवात झाली. तिथून ही गोष्ट जगभर पसरली आणि आपल्या विहिरीपर्यंत आली.

चांगल्या ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के कामाचं क्लोरीन असतं. पण पिशवी उघडी राहिली, ओल लागली, ऊन लागलं की ते उडून जातं. मागच्या वर्षीची उघडी पिशवी म्हणजे बहुतेक नुसता चुना. मग आपण म्हणतो, "टाकलं तर होतं, तरी फरक पडला नाही!"

आता येतो पीएच

१९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसन नावाच्या शास्त्रज्ञानं पीएचची मोजपट्टी काढली. ० ते १४. मधला ७ म्हणजे ना आंबट ना खारट, मधोमध. सातच्या खाली आम्ल, वर अल्कली. लिंबू खाली, चुना वर. लक्षात ठेवायची गोष्ट एकच: एक अंक म्हणजे दहा पट. पीएच ८ चं पाणी ७ च्या पाण्यापेक्षा "थोडं" वेगळं नसतं, दहा पट वेगळं असतं.

आपल्या जिल्ह्यात याचा प्रयोग रोज घरात होतो. वसमतच्या बाजाराला हळदीचा केवढा व्यापार, आपल्या शर्टावर हळदीचा डाग पडला नाही असा माणूस नाही. डागाला साबण लावला की पिवळा डाग लाल होतो ना? साबण अल्कली असतो, हळद ते दाखवते. चुना लावला तरी तसंच, म्हणून तर हळद-चुन्याचं कुंकू होतं. हा घरगुती पीएच इंडिकेटर! फक्त हळदीनं हौदाचं पाणी मोजता येत नाही, कारण तिचा रंग साडेसातच्या आसपास हळूहळू बदलायला लागतो आणि आपल्याला नेमका आकडा लागतो.

शंभर मजूर बोलावले, कामावर वीसच

क्लोरीन पाण्यात पडलं की त्याची दोन रूपं होतात. एकाचं नाव हायपोक्लोरस आम्ल. हा खरा जंतू मारणारा पैलवान, जंतूच्या कवचातून सहज आत शिरतो. दुसरं रूप म्हणजे हायपोक्लोराइट. हा त्याच घरचा, पण आळशी. जंतू मारायला त्याला लई वेळ लागतो.

कोणतं रूप किती असणार, हे कोण ठरवतं? पीएच. साधारण हिशोब असा:

पीएच ७ असेल तर शंभरातलं ७५ भाग क्लोरीन पैलवान.
पीएच ७.५ असेल तर ५०.
पीएच ८ असेल तर २५.
पीएच ८.५ असेल तर १०.

म्हणजे शंभर मजूर सांगितले, मजुरी शंभरांची दिली, आणि कापसाच्या रानात उतरले वीसच. बाकीचे बांधावर बसून तंबाखू मळायलेत. मुकादम काय म्हणतो? "अजून शंभर बोलवा!" मामानं हेच केलं.

आणि खरी गंमत पुढं आहे. टीसीएलमध्ये चुना असतो, म्हणजे ती स्वतःच अल्कली. जितकं जास्त टाकाल तितका पीएच अजून वर जातो, आणि तितकं क्लोरीन अजून आळशी होतं. त्यात बोअरचं पाणी जड. नवीन सिमेंटचा हौद असेल तर सिमेंटमधूनही चुना सुटत राहतो. तिन्ही बाजूंनी पीएच वरच.

मग वास कशाचा?

इथं मामींचा मुद्दा. आपल्याला वाटतं, पूलसारखा उग्र वास म्हणजे क्लोरीन भरपूर. बहुतेक वेळा उलट असतं. घाम, अंगाचं तेल, आणि हो, लेकरांची लघवी, यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरामाइन नावाचे पदार्थ तयार होतात. तो उग्र वास आणि डोळ्यांची चुरचुर प्रामुख्यानं त्यांची. म्हणजे वास सांगतो की क्लोरीन खर्ची पडलंय, मोकळं फार उरलं नाही. शिवाय आपल्या अश्रूंचा पीएच साडेसातच्या जवळपास असतो. पाणी त्यापासून फार लांब गेलं की डोळ्यांना त्रास आलाच.

म्हणून मामा अर्धे बरोबर: मोकळं क्लोरीन खरंच कमी होतं. मामी अर्ध्या बरोबर: नुसतं टाकत राहून उपयोग नव्हता. आधी पीएच, मग क्लोरीन. हा क्रम डोक्यात पक्का करा.

मोजल्याशिवाय टाकायचं नाही

पूलच्या पाण्याचं टेस्ट किट ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतं. दोन छोट्या नळ्या, दोन थेंबांच्या बाटल्या. लाल थेंबांनी पीएच कळतो, पिवळ्या रंगावरून क्लोरीन. एक लक्षात घ्या, हे पिवळ्या रंगाचं किट एकूण क्लोरीन दाखवतं, म्हणजे मोकळं आणि क्लोरामाइन मिळून. मोकळं वेगळं बघायचं तर डीपीडी नावाचं किट घ्या, त्यात गुलाबी रंग येतो. आणि क्लोरीन फार जास्त असताना पीएचचा रंग फसवतो, म्हणून टीसीएल टाकल्या टाकल्या मोजू नका.

आकडे पाठ करा: पीएच ७ ते ७.८ च्या दरम्यान, जमलं तर ७.४ च्या आसपास. मोकळं क्लोरीन कमीत कमी १ पीपीएम, म्हणजे एका लिटरला एक मिलिग्रॅम. १ ते ३ मध्ये ठेवलं तर बरं.

आता हिशोब, मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा

लांबी गुणिले रुंदी गुणिले पाण्याची खोली, सगळं फुटांत. १० × ८ × ४ = ३२० घनफूट. एका घनफुटात साधारण २८.३ लिटर. म्हणजे मामाच्या हौदात ९,००० लिटर पाणी.

१ पीपीएम वाढवायला ९,००० मिलिग्रॅम, म्हणजे ९ ग्रॅम क्लोरीन हवं. टीसीएलमध्ये ते ३३ टक्के, म्हणून ९ ला ०.३३ नं भागा: २७ ग्रॅम पावडर. पावडर थोडी जुनी, २५ टक्क्यांवर आलेली असेल तर ३६ ग्रॅम. बघा, ग्रॅमचा खेळ आहे! मामा ओंजळीनं टाकायचे.

टाकायची पद्धत: पावडर थेट हौदात फेकायची नाही. प्लास्टिकच्या कोरड्या बादलीत घ्या, थोडं पाणी घालून कालवा, मग बादली भरा, अर्धा तास ठेवा. चुना तळाला बसतो. वरचं निवळ पाणी हौदात सगळीकडं फिरवून ओता, गाळ टाकून द्या. यानं पाणी गढूळ होत नाही आणि चुनाही कमी जातो. आणि हे काम दिवस मावळल्यावर करा. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन दोन-तीन तासांत बरंचसं क्लोरीन उडवून लावतं. सकाळी दहाला टाकलेलं दुपारी पोरं उतरेपर्यंत संपलेलं असतं.

त्या बादलीत काय झालं

आता माझी चूक. टीसीएल आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. मी ओतलं आणि बादलीतून फसफस आली, हिरवट-पिवळी वाफ, आणि घशात कुणीतरी मिरचीची पूड कोंबल्यासारखं झालं. डोळ्यांतून पाणी, खोकला थांबेना. मामानं मागून कॉलर धरून ओढलं आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूला पळवत नेलं. उघड्यावर होतो म्हणून वाचलो. हेच बाथरूममध्ये दार लावून केलं असतं तर आज हा एपिसोड नसता.

हा वायू हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. म्हणजे बाजूला उभ्या असलेल्या लेकराला आपल्यापेक्षा जास्त धोका. जुलै २०१० मध्ये मुंबईत शिवडीला बंदराच्या आवारात पडून असलेल्या जुन्या सिलिंडरमधून क्लोरीन गळलं आणि शंभरावर लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. आपली बादली लहान, पण वायू तोच.

म्हणून हे नियम स्क्रीनशॉट काढून ठेवा:

टीसीएल आणि ॲसिड कधीच एका बादलीत, एका मगात, एका कपाटात नाही. संडास धुतानाही हेच लागू.
टीसीएल आणि पूलच्या क्लोरीनच्या गोळ्या कोरड्यासुद्धा एकत्र करायच्या नाहीत, आग लागू शकते.
ॲसिड पाण्यात घालायचं. ॲसिडवर पाणी ओतायचं नाही.
वायू सुटलाच तर बादली वाचवत बसू नका. मोकळ्या हवेत, उंचावर पळा. डोळे पंधरा मिनिटं साध्या पाण्यानं धुवा. श्वास लागत असेल तर १०८ ला फोन.

मग हौद सुधारला कसा?

मामीनं रोखठोक विचारलं, "नऊ हजार लिटर पाणी उपसून टाकायचं का मे महिन्यात?" आपल्याकडं ते पाप आहे. म्हणून ठरवलं, पाणी वाचवायचं.

दोन दिवस कुणी उतरलं नाही, काही टाकलं नाही. भिंती खराट्यानं घासल्या. किट आलं, मोजलं. पीएच किटवरच्या शेवटच्या रंगाच्याही पुढं, ८.२ च्या वर. म्हणजे शंभरातले पंधरा-वीसच मजूर कामावर. मग साधं हायड्रोक्लोरिक ॲसिड आणलं. संडास साफ करायचं रंगीत, वासाचं लिक्विड नाही, त्यात साबण आणि रंग असतात. हातमोजे, चष्मा घातला. धुतलेल्या वेगळ्या बादलीत आधी पाणी, त्यात १०० मिलिलिटर ॲसिड, आणि ते हौदात हळूहळू फिरवून सोडलं. चार तासांनी परत मोजलं. थोडाच उतरला. बोअरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं, ते पीएचला धरून ठेवतं. असं तीनदा केलं तेव्हा पीएच ७.५ ला आला. घाई करून एकदम अर्धा लिटर ओतलं असतं तर उलट फार खाली गेला असता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ९० ग्रॅम टीसीएलचं निवळ पाणी सोडलं. दोन दिवसांत पाणी निवळलं, वास गेला. मग नियम केला: उतरण्याआधी साबण लावून अंघोळ, आणि मुतायला आधी बांधावर जायचं. हसू नका, यानं टीसीएल वाचतं. आणि दर दोन दिवसांनी किट. जड पाण्याचा पीएच आपोआप परत वर चढतो, म्हणून एकदा करून सुटका नाही.

सीझन संपल्यावर आठवडाभर उन्हात पाणी तसंच ठेवलं, किटवर क्लोरीन शून्य आलं, आणि मग ते झाडांना सोडलं. एक थेंब वाया नाही.

क्लोरीनला काय जमत नाही

खोटा भरवसा नको. पीएच ७.५ आणि क्लोरीन १ पीपीएम असेल तर जुलाबाचे बहुतेक जिवाणू मिनिटभरात मरतात. पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक परजीवी त्यात दहा दिवस तग धरतो. म्हणून जुलाब लागलेल्या लेकराला हौदात सोडायचंच नाही. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये नाकातून मेंदूत शिरणाऱ्या अमीबाचे रुग्ण सापडले, तेव्हा साचलेल्या पाण्यात उतरण्याबद्दल इशारे आणि विहिरी-तलावांचं क्लोरिनेशन सुरू झालं. हिरव्या, साचलेल्या पाण्यात सूर मारायची हौस आवरा.

आणि क्लोरीन बुडण्यापासून वाचवत नाही. चार फूट पाणी लहान लेकराला पुरेसं खोल असतं. मोठं माणूस काठावर पाहिजेच. पाण्यात मोटर सोडलेली असेल तर नुसतं बटन बंद नाही, पिन काढा, मग उतरा.

आता तुमच्या टाकीचं

तीच पावडर, तेच गणित. घरची १,००० लिटरची टाकी असेल तर साधारण अडीच ते तीन ग्रॅम चांगलं टीसीएल, निवळ पाणी करून, आणि एक तास थांबायचं. प्यायच्या पाण्याचं भारतीय मानक सांगतं की मोकळं क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरलं पाहिजे आणि पीएच ६.५ ते ८.५ मध्ये हवा. गावात जलसुरक्षक असतो, तो ओटी टेस्ट करतो. पाण्यात थेंब टाकले की पिवळं होतं, तीच ती. पाणी पिवळं झालं नाही म्हणजे तुमच्या नळापर्यंत क्लोरीन पोचलंच नाही. पाऊस पडला की विहिरीत रानातलं पाणी उतरतं आणि तेव्हाच गॅस्ट्रोची साथ येते. टेस्ट तेव्हा लागते, नंतर सलाईन लावल्यावर नाही.

तर पुढच्या वेळी जलसुरक्षक दादा दिसले की विचारा, "दादा, ओटी टेस्ट करून दाखवता का? आणि टीसीएलची पिशवी कधीची आहे?" चिडणार नाहीत. उलट कुणीतरी विचारलं म्हणून बरं वाटेल.

मामानं आता हौदाजवळच्या खोलीत एक वजनकाटा टांगलाय. त्यावर खडूनं लिहिलंय: "२७ ग्रॅम. ओंजळ नाही." आणि ॲसिडची बाटली गोठ्याच्या पलीकडच्या कपाटात, कुलुपात. किल्ली मामींकडं. मला मिळत नाही.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमच्याकडच्या बोअरच्या पाण्याचा पीएच किती आला, व्हॉइस नोट पाठवून नक्की सांगा.